आधी वाट, मग गाडी

मे महिना आला की पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या फलकावर एक सूचना हमखास लागते : पावसाळ्यापूर्वी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं आहे, सभासदांनी आपापल्या कुंड्या हलवाव्यात. सूचना दोन ओळींची असते. कुंड्या मात्र चाळीस-पन्नास असतात. त्यांतल्या सात-आठ तर अशा, की भरताना त्या पुन्हा कधी हलवाव्या लागतील हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. लिंबाचा अर्धा ड्रम, कढीपत्त्याची सिमेंटची कुंडी, मोगऱ्याचा चौकोनी वाफा. मग जो तो मोबाइलवर ट्रॉल्या शोधायला लागतो, नाहीतर माळ्याला फोन करतो.

पुण्यातल्या अशाच एका गच्चीवर या दोन्ही पक्षांची गाठ पडली. एकीकडे भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, गुडघ्यांनी कुरकुर सुरू केलेल्या बाई. दुसरीकडे सोलापूर रस्त्यावर सोरतापवाडीच्या बाजूला रोपवाटिका चालवणारे गृहस्थ, ज्यांचं आयुष्य टेम्पोत झाडं चढवण्या-उतरवण्यात गेलं. त्यांना इथे ताई आणि दादा म्हणू.

ताई : दादा, आज झाडांसाठी नाही बोलावलं. कुंड्या हलवायला गाडी घ्यायचीय. कोणती घेऊ ते सांगा.

दादा : गाडी कशाला, ताई? दोन पोरं पाठवतो, चार गोणपाटं देतो. दुपारच्या आत गच्ची मोकळी. गाडी घ्याल आणि वर्षभर ती जिन्याखाली गंजत पडेल.

ताई : पोरं तुमच्या सवडीनं येणार. माझं अडेनियम जास्त पावसात कुजतं, पहिला वळीव आला की ते आडोशाला न्यावं लागतं. आभाळ भरून आल्यावर तुम्हाला फोन लावत बसू? हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, कठड्याची सावली पार मधोमध येते, तेव्हा टोमॅटो चार हात सरकवायचे असतात. दर वेळी कुणाच्या तोंडाकडे बघायचं मला जमत नाही. मला माझ्या हातानं करता आलं पाहिजे.

दादा : अडेनियम बारा इंची पॉटमध्ये आहे, त्याला गाडी नको. आणि मोठं झाड हे काय टेबल-खुर्ची आहे होय, आज इथं उद्या तिथं? झाड ठेवायची जागा एकदा नीट बघायची, मग त्याला हात लावायचा नाही.

ताई : फ्रान्सला व्हर्सायच्या राजवाड्यात 1684 ते 1686 या काळात जूल आर्दुएँ-मांसार या वास्तुविशारदानं संत्र्यांसाठी एक भलीमोठी दगडी इमारत बांधली. थंडी आली की शेकडो झाडं पेट्यांसकट आत, उन्हाळा आला की बाहेर. आजही नेतात. त्या पेट्यांच्या बाजू उघडता येतात, मुळं तपासता येतात, माती बदलता येते. म्हणजे कुंडी करतानाच ती हलणार आहे हे त्यांनी धरलं होतं.

दादा : त्यांच्याकडे राजा होता, ताई. ओढायला माणसं होती.

ताई : माझ्याकडे माणसं नाहीत, म्हणून तर गाडी.

दादा : बरं, गाडी घेऊ. पण गाडीवर काय चढवणार? त्या लिंबाच्या ड्रमचं वजन ठाऊक आहे?

ताई : मोजलं. दोनशे लिटरचा ड्रम मधोमध कापलेला, म्हणजे शंभर लिटरचा. वरची दोन बोटं रिकामी सोडली तरी नव्वद लिटर माती. तुमचीच लाल माती आणि शेणखत, ओली असताना लिटरला दीड किलोच्या आसपास. त्यात ड्रम आणि झाड. दीडशेच्या घरात जातं.

दादा : हे कागदावरचं झालं.

ताई : कागदावर विश्वास नसेल तर काट्यावर बघा. आपला घरातला वजनकाटा ड्रमच्या एका कडेखाली सरकवायचा, वर प्लायचा तुकडा ठेवायचा म्हणजे काच फुटत नाही. समोरच्या कडेखाली तेवढ्याच उंचीची फरशी. ड्रम सरळ उभा असेल तर निम्मं वजन काट्यावर येतं, निम्मं फरशीवर. काट्यानं त्र्याहत्तर दाखवले. दुप्पट करा.

दादा : एकशे सेहेचाळीस. युक्ती चांगली आहे. पण काटा कधी लावला?

ताई : काल सकाळी, पाणी घातल्यावर.

दादा : तिथंच चुकतं बघा लोकांचं. सकाळी नळी धरून कुंड्या तुडुंब करायच्या आणि दुपारी हलवायला घ्यायच्या. पाण्याचं वजन काही हवेत जात नाही, एक लिटर म्हणजे एक किलो. हलवायच्या आधी दोन दिवस पाणी बंद. मे महिन्यातल्या उन्हात शंभर लिटरच्या ड्रममधून दहाएक लिटर सहज उडून जातं. लिंबू दोन दिवसांत मरत नाही. पानं जरा मलूल होतील, जागेवर गेल्यावर पोटभर पाणी द्या. छाटणी करायची असेल तर तीही आधीच, म्हणजे वजन उतरतं आणि फांद्या डोळ्यात जात नाहीत. कोणतंही यंत्र न घेता ओझं कमी झालं की नाही?

ताई : झालं. पण एकशे पस्तीस राहिलेच. ते तुमची दोन पोरं उचलणार. एकेकाच्या वाट्याला अडुसष्ट किलो.

दादा : उचलतात.

ताई : उचलतात हो, पण उचलावेत का? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 1967 सालीच सांगितलंय, एका पुरुषानं वाहायचं ओझं 55 किलोंच्या वर असेल तर ते लवकरात लवकर कमी करा. अमेरिकेतली नायॉश नावाची संस्था तर सगळं अनुकूल असलं, ओझं शरीराजवळ, पकड चांगली, वाकणं-वळणं नाही, तरी 23 किलोच धरते. कुंडीला तर धड पकडही नसते. आणि आपण पुण्यात बोलतोय. शंभर किलोची पोती पाठीवर वाहणाऱ्या माणसांसाठी बाबा आढावांनी आणि हमाल पंचायतीनं याच शहरात लढा दिला, 1969 साली राज्यानं माथाडी-हमालांसाठी कायदा केला. बाजारात जे चालू नये म्हणून माणसं भांडली, ते माझ्या लिंबासाठी गच्चीवर कशाला?

दादा : हे मात्र खरं. माझ्याकडचा एक जण पन्नाशीच्या आतच कंबर धरून बसलाय. पण ताई, आम्ही उचलतो म्हणजे खांद्यावर घेतो असं नाही. आमच्या धंद्यात उचलणं सगळ्यात शेवटी. आधी कलवायचं, सरकवायचं, लोळवायचं. सिमेंटची गोल कुंडी असेल तर ती थोडी कलवून बुडाच्या कडेवर गरगर फिरवत न्यायची. एकटा माणूस नेतो. वजन जमीन पेलते, आपण फक्त तोल सांभाळायचा.

ताई : आणि बुडाची कड?

दादा : सिमेंटची टिकते. मातीच्या कुंडीचे टवके उडतात, तिला असं करू नका. आणि प्लास्टिकची कुंडी दोन-तीन उन्हाळे गच्चीवर राहिलेली असेल तर काठ धरून अजिबात ओढू नका. काठ हातात येतो आणि कुंडी पायावर. प्लास्टिकला हात घालायचा तो बुडाखालून.

ताई : म्हणजे ड्रमला ही युक्ती चालत नाही.

दादा : ड्रमला गोणपाट. पहारीनं एक कड बोटभर उचलायची, दुसऱ्यानं दुहेरी गोणपाट आत सारायचं, मग दुसरी कड. पुढची टोकं धरून ओढायचं, मागून एकानं रेटायचं. चायना मोझॅइकवर ड्रम मस्त सरकतो. लांब न्यायचा असेल तर खाली फळी आणि फळीखाली एका मापाचे चार पाइप. मागचा पाइप सुटला की उचलून पुढे टाकायचा. या कामाला ना बेअरिंग लागतं ना चाक.

ताई : पाइप सपाट जमिनीवर ठीक. गच्चीला उतार असतो, पाणी पन्हाळीकडे जावं म्हणून दिलेला. दीडशे किलोचा ड्रम पाइपवर चढवला आणि उताराला लागला तर थांबवणार कोण?

दादा : उताराच्या अंगाला एक माणूस वीट घेऊन. म्हणूनच तर म्हणतो, दोन पोरं लागतातच.

ताई : आणि मी म्हणते, एका माणसाला जमेल असं काहीतरी हवं. हे बघा, मोबाइलवर आहे. चाकांचा स्टँड. कुंडी कायमची त्याच्यावर ठेवायची, हवी तेव्हा ढकलायची. वर लिहिलंय दीडशे किलो पेलतो.

दादा : हा सिलिंडरच्या स्टँडचा भाऊ दिसतो. भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास, तोही स्वयंपाकघराच्या गुळगुळीत फरशीवर, वर्षातून दहा-बारा वेळा हलणारा. गच्चीवर ऊन, पाऊस, माती. एका पावसाळ्यात चाकं आवळतात. मग कुंडी फिरत नाही आणि स्टँड निघत नाही.

ताई : चाकाचा आकार मलाही खटकला. दोन इंची आहेत. माझ्या गच्चीच्या दोन भागांमध्ये सेंटिमीटरभर उंचीची पट्टी आहे. गणित केलं. दोन इंची चाक सेंटिमीटरभर उंच पट्टीवर सरळ ढकलून चढवायचं तर त्या चाकावर जेवढं वजन असेल त्याच्या सव्वापटीहून थोडा जास्तच जोर लागतो. तेच चाक आठ इंची असेल तर निम्म्याहून कमी जोर पुरतो. वजन तेच, पट्टी तीच, फक्त चाकाचा व्यास बदलला.

दादा : हे आम्हाला गणित न करता कळतं. टेम्पोचं चाक खड्ड्यातून निघतं, सुटकेसचं निघत नाही. पण पट्टीपाशी पाचरीसारखी तासलेली फळी टाका, छोटं चाकही चढेल.

ताई : चढेल. पण दीडशे किलो पेलतो म्हणतात, ते कसं मोजलेलं असतं ते बघा. चार चाकांचा स्टँड खडबडीत जमिनीवर आला की एक चाक अधांतरी राहतं. म्हणून एका चाकाची क्षमता गुणिले चार असं धरायचं नाही, गुणिले तीन धरायचं. दीडशेच्या ड्रमला प्रत्येक चाक निदान पन्नास किलोचं हवं, आणि धक्क्यासाठी थोडं वर. स्टँडवर चाकाची क्षमता लिहिलेली नसेल तर दुकानदाराला विचारायची, त्याला सांगता आली नाही तर घ्यायचाच नाही.

दादा : आणि ब्रेक. चारांतल्या दोन चाकांना तरी ब्रेक पाहिजेच. वळवाच्या आधीचा वारा तुम्ही पाहिलाय. चाकांवरची उंच शेवग्याची कुंडी वाऱ्यानं फिरत कठड्यावर आदळते.

ताई : म्हणजे स्टँड नकोच म्हणता?

दादा : सरसकट नको. बाल्कनीत, घरातल्या फरशीवर, मध्यम कुंडीला चालेल. तिथं ऊन-पाऊस कमी, जमीन सपाट, आणि झाडूपोछ्यासाठी कुंडी रोज हलते. गच्चीवरच्या ड्रमला नको.

ताई : आणखी एक कारण आहे. आपल्या बांधकामाच्या मानकात, आयएस 875 मध्ये, ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी दर चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलो भार धरतात. अर्ध्या ड्रमचं बूड चौरस मीटरच्या पावभर जागेत बसतं. ड्रम नुसता ठेवला तर भार बुडाएवढ्या जागेवर पसरतो. चाकांवर ठेवला तर तोच भार चार बोटांएवढ्या ठिकाणांवर. कोब्याला, मोझॅइकला तिथंच तडा जातो. नवीन वॉटरप्रूफिंगच्या थरावर तर चाक वर्षभर एका जागी रुतून बसलं की खड्डाच.

दादा : हे बाकी लोकांना सांगा. मोठे ड्रम गच्चीच्या मधोमध मांडतात आणि गळायला लागलं की माळ्याला बोल. ड्रम तुळईच्या रेषेवर, कॉलमच्या जवळ. जुनी इमारत असेल तर आधी अभियंत्याला दाखवा. आणि कुंडीखाली विटांचे तुकडे, म्हणजे पाणी साचत नाही आणि पुढच्या वेळी पट्टा किंवा गाडीचा पत्रा घालायला फट मिळते.

ताई : पत्रा म्हणालात म्हणून विचारते. दोन चाकांची उभी ट्रॉली, खाली पत्र्याची जीभ, वर दांडा. गोदामात असते ती.

दादा : ती मात्र काम करते. आम्ही टेम्पोपासून बंगल्याच्या दारापर्यंत तीच वापरतो. फक्त माणसं ती चुकीची धरतात. दांड्यावर लटकून ओढतात.

ताई : कारण त्यांना तिचं तत्त्व कळत नाही. जीभ कुंडीखाली घालायची, एक पाय आसावर, दांडा आपल्याकडे ओढायचा. पहिला हिसका जड जातो. पण एकदा गाडी कलली आणि कुंडीचा गुरुत्वमध्य आसाच्या बरोबर वर आला की सगळं वजन चाकांवर. हातात राहतो नुसता तोल. शंभर किलोची कुंडी साठ वर्षांची बाई नेऊ शकते ती याच कोनात. कोन सोडला, दांडा जास्त खाली घेतला, की वजन पुन्हा हातात.

दादा : पण गोदामातली ट्रॉली खोक्यांसाठी असते. तिची पाठ सपाट. गोल कुंडी तिच्यावर टेकवा, वळणावर डावीकडून किंवा उजवीकडून निसटलीच म्हणून समजा.

ताई : मग पट्टा बांधायचा.

दादा : पट्टा तर हवाच, पण त्याहून चांगली गोष्ट सांगतो. वेल्डिंगवाले ऑक्सिजनचा उंच सिलिंडर ज्या गाडीवरून नेतात ती बघितली का? तिची पाठ आतून गोलाई दिलेली, वर साखळी. रविवार पेठेत बोहरी आळीत विचारा, मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीटला. खालची जीभ छोटी असते, ती वेल्डरकडून हातभर रुंद करून घ्यायची. बागेची गाडी म्हणून जे विकतात त्यापेक्षा ही जाड पत्र्याची आणि दुरुस्त होणारी.

ताई : चाकं?

दादा : आठ ते दहा इंची, रबराची. नायलॉनचं चाक टणक, वजनाला चांगलं, पण मोझॅइकवर खडखडतं, ओरखडे काढतं, खालच्या मजल्यावरचे वर येतात. हवेचं टायर मातीत, गवतात, खडीत उत्तम, बंगल्याच्या बागेला तेच. पण आठ महिने पडून राहिलं की हवा जाते आणि नेमकं कामाच्या दिवशी पंप मिळत नाही. गच्चीला भरीव रबर.

ताई : आता जिना. लिफ्ट वरच्या मजल्यापर्यंत येते, गच्चीला शेवटचा जिना चढावा लागतो. माती, खत, नवीन कुंड्या तिथूनच येतात. ती तीन-तीन चाकांची गाडी मिळते, जिन्यावर चाकं आपोआप फिरत चढते.

दादा : आपोआप काही चढत नाही, ताई. चाकं फिरतात, पण ओढायचं तुम्हीच.

ताई : मान्य. वजन वर न्यायचं तर तेवढं काम करावंच लागतं. ती तीन चाकं पायरीच्या नाकावर अडकू देत नाहीत, एवढंच. पण तेही कमी नाही. खताचं तीस किलोचं पोतं मी एकटी पायरी-पायरीनं नेऊ शकते, दर पायरीला थांबून.

दादा : तीस किलोपर्यंत घ्या, आनंदानं घ्या. पण त्या गाडीवरून भरलेली कुंडी जिन्यानं नेऊ नका. वळणावरच्या चौकात ती फिरत नाही, आणि हात सुटला तर खाली जो असेल त्याच्यावर. जिन्यावर गाडी असताना खालच्या बाजूला कुणी उभं राहायचंच नाही. भरलेली मोठी कुंडी जिन्यानं न्यायचीच झाली तर रिकामी करून न्या. माती पाट्यांनी वेगळी, कुंडी वेगळी, झाड मुळांच्या गोळ्यासकट गोणपाटात.

ताई : आणि ते दोघांनी धरायचे पट्टे? चार मुठींचे.

दादा : सपाटीवर चांगले. पहारीपेक्षा सोपे, कारण वाकावं लागत नाही. फक्त दोघांची उंची जवळपास सारखी पाहिजे. जिन्यावर मात्र खालच्या माणसावर जास्त ओझं येतं. आम्ही बांबू वापरतो तेव्हाही हेच, दोर बांबूवर पक्का बांधला नाही तर तो उताराकडे सरकतो आणि खालचा माणूस दबतो. दोराला गाठ मारायची ती वरच्या माणसाकडे थोडी सरकवून.

ताई : म्हणजे तुमच्याकडेही शास्त्र आहेच.

दादा : शास्त्र आहे, पण ते माणसांच्या हातात आहे. तुम्हाला ते विकत घ्यायचंय.

ताई : मला ते माझ्या हातात हवंय. त्यापुढचा प्रश्न असा की दीडशे किलो भरायचेच कशाला? श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारानं पालापाचोळ्यावर झाडं वाढवून दाखवली. मुंबईत डॉ. दोशींनी उसाच्या चिपाडावर गच्चीत शेती केली. कोकोपीट, कंपोस्ट, पालापाचोळा यांत भरलेली कुंडी लाल मातीच्या कुंडीच्या निम्म्याच्या आसपास येते.

दादा : कोरडी तोललीत तर त्याहून कमी भरेल आणि तुम्ही खूश व्हाल. पण कोकोपीटची पाच किलोची वीट भिजवा, पोत्यापेक्षा मोठा ढीग होतो आणि त्यात कित्येक बादल्या पाणी राहतं. हलकं मिश्रण हलकं असतं ते मातीच्या मानानं, कापसासारखं नाही. आणि हलक्या कुंडीत सहा फुटी शेवगा लावला तर पहिल्या वादळात आडवा. मोठ्या झाडाला खाली वजन पाहिजेच.

ताई : वजनाऐवजी आधार देता येतो. रुंद, बसक्या कुंडीत लावायचं, खोड कठड्यातल्या कडीला बांधायचं.

दादा : तेही चालेल. पण असं करा, दोन गट पाडा. लिंबू, शेवगा, आंबा हे न हलणारे. त्यांना थोडी माती, तुळईवर जागा, आणि पाच-सात वर्षांतून एकदा वॉटरप्रूफिंग आलं की दोन माणसं, पहार, गोणपाट आणि तुमची ती गाडी. भाजी, फुलं, अडेनियम हे हलणारे. त्यांना हलकं मिश्रण आणि बारा-पंधरा इंची पिशव्या. बारा बाय बारा इंची पिशवीत बावीस लिटर मिश्रण बसतं, ती तुम्ही एकट्या हलवाल. अठरा बाय अठरा घेतलीत तर पंचाहत्तर लिटर. मापात सहा इंचांचा फरक, पण ओझं तिपटीच्या वर.

ताई : घनफळ आहे ते, तिन्ही दिशांनी वाढतं. हे गणित माझ्या वर्गातल्या मुलांना समजवायला मला आठवडा लागायचा.

दादा : आम्हाला टेम्पोत चढवताना एका दिवसात कळलं.

ताई : मग ठरलं. एक सिलिंडर गाडी, जीभ रुंद केलेली, आठ इंची भरीव रबराची चाकं, एक रॅचेटवाला पट्टा, दोन जाड फळ्या. चाकांचे स्टँड फक्त बाल्कनीतल्या तीन कुंड्यांना. ड्रमच्या दिवशी तुमची दोन पोरं.

दादा : आणि मोजे, बूट. चपला घालून दीडशे किलोच्या खाली पाय घालायचा नाही. पोरांनाही मीच बूट देतो. पण ताई, ही गाडी तुम्ही एकट्यानं का घेता? इमारतीत बागा सहा जणांच्या. सोसायटीनं एक घ्यावी, वापरून जिन्याखाली उभी करावी. तुम्हीच म्हणता ना, कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. सोसायटीची असली तर कुणालाच बघावं लागणार नाही.

ताई : सूचना लावणाऱ्या सेक्रेटरींनाच सांगते. कुंड्या हलवा म्हणता, तर हलवायची गाडीही सोसायटीनं द्यावी.

दोघांचं बोलणं इथे थांबलं, पण त्यातून निघालेला हिशेब इतर गच्च्यांनाही लागू पडतो. गाडी निवडताना दुकानदार किंमत आणि क्षमता सांगतो. आपण त्याआधी तीन गोष्टी बघायच्या : कुंडी जाणार ती वाट कशी आहे, म्हणजे पट्टी, पायरी, उतार, दाराची रुंदी, पाणी बंद ठेवल्यानंतरचं कुंडीचं खरं वजन किती, आणि ती वर्षातून किती वेळा हलणार. वाट सपाट आणि हलवणं रोजचं, तर मोठ्या चाकांचा, ब्रेकचा स्टँड. वाट उंचसखल आणि हलवणं कधीमधी, तर दोन चाकांची गाडी आणि पट्टा. वाटेत जिना असेल तर कुंडी रिकामी करायची, त्याला दुसरा पर्याय नाही. शंभर किलोंच्या पुढे गेलं की गाडी असली तरी दुसरा माणूस बोलवायचा, आणि त्याच्या कमरेचा विचार आपल्या कमरेइतकाच करायचा.

येत्या जूनमध्ये नवीन रोपं लावायला घ्याल तेव्हा मिश्रण कालवण्याआधी कुंडी जिथे ठेवायची त्या जागेपासून दारापर्यंत एकदा चालून या. वाटेत काय काय आडवं येतं ते बघा आणि त्या वाटेनं जेवढी नेता येईल तेवढीच मोठी कुंडी भरा.